टिटवीचा आरसा

माझ्या घामाने लोखंड गंजत नाही. एवढ्या एका गुणावर मला नोकरी लागली आणि त्याच नोकरीत माझे केस पांढरे झाले. शिक्षण विचाराल तर दहावी, तीही दुसऱ्या फटक्यात.

हसू नका. टूलरूममध्ये कुणालाही विचारा. काही माणसांचा हातच असा असतो, की लख्ख केलेल्या पोलादाला त्यांनी नुसतं बोट लावलं तरी दुसऱ्या दिवशी तिथे तांबडा ठसा उगवतो. माणूस सज्जन असतो, देवभोळा असतो, पण घाम वाईट. अशा माणसाला पॉलिशच्या टेबलाजवळ फिरकू देत नाहीत. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवणाऱ्या कारखान्यात, झाडलोट आणि चहा करायला लागले होते. एकदा चहा ठेवताना पोलादाची एक तयार डाय मी उघड्या हाताने बाजूला सरकवली. मालक देवरे शेठ असे ओरडले, की माझ्या दुसऱ्या हातातला कप खाली पडून फुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती डाय उजेडात धरून उलटसुलट बघितली. ठसा नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा बघितली. मग मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, “कमलबाई, तो झाडू ठेवा. उद्यापासून पॉलिशला बसायचं.”

घरी सांगितलं तर सासूबाईंना वाटलं, मी बुटांना पॉलिश करणार. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. आमचं घर नाशिक रोडला, यजमान प्रेसमध्ये नोकरीला, सगळी कॉलनी सरकारी पगारावर जगणारी. तिथे हळदीकुंकवाला मी काळी नखं घेऊन जायचे. बायका विचारायच्या, “काय हो, कोळशाची वखार काढली का?” मी सांगायचे, “नाही हो, आरसे घासते.” त्याहून जास्त समजावण्याच्या भानगडीत मी पडले नाही. आज या अंकाच्या निमित्ताने समजावून सांगते.

गुढीपाडव्याच्या साखरगाठीचा लाकडी साचा तुम्ही पाहिला असेल. साच्यावर जी नक्षी, तीच गाठीवर. साच्याला चीर पडली असेल तर प्रत्येक गाठीवर ती चीर उमटणार. तुमच्या घरातली प्लॅस्टिकची प्रत्येक वस्तू, बाटलीचं झाकण म्हणा, साबणाची डबी म्हणा, गाडीचा मागचा दिवा म्हणा, अशाच साच्यातून निघते. तो साचा पोलादाचा असतो आणि त्याला आम्ही डाय म्हणतो. मशीनवर कापून झाली की डायच्या अंगावर रेघाच रेघा असतात. वस्तू चकचकीत हवी असेल तर आधी डाय चकचकीत पाहिजे. त्या रेघा हाताने घालवायच्या, हे माझं काम. आधी जाडा दगड, रॉकेल लावून. मग त्याहून बारीक, मग त्याहून बारीक. मग एमरी पेपर. शेवटी हिऱ्याच्या भुकटीची पेस्ट लावून नमद्याने घासायचं, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीच्या तुकड्याने. प्रत्येक वेळी आधीच्या दगडाच्या रेघांना आडवं घासायचं, म्हणजे जुन्या रेघा गेल्या की नाही ते दिसतं. तळहाताएवढ्या तुकड्याला चार-चार दिवस लागतात. घाई करणाऱ्याचं आणि गप्पा मारणाऱ्याचं हे काम नाही. मी गप्पा मारत मारत केलं, ही गोष्ट वेगळी.

मला हे शिकवलं मालेगावच्या इस्माईलचाचांनी. ते टूलरूममधले पहिले पॉलिशर. बाई शिकायला बसली म्हणून आधी त्यांनी नाक मुरडलं, मग महिनाभराने स्वतःचा आवडता दगड मला वापरायला दिला. मी डायवर नाक टेकवून बघत बसले की म्हणायचे, “बाई, इतना मत घूरो, लोहा भी शरमाता है.”

गिऱ्हाइकं एकेक नमुने यायची. एकजण बायकोची आरशाची डबी घेऊन आला. म्हणाला, “अशी चमक पाहिजे, आणि हे घरी कळता कामा नये.” काय कळता कामा नये, ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. दुसरे एक साबणाच्या डब्या बनवणारे गृहस्थ होते. डाय घ्यायला आले, चमक बघून इतके खूश झाले की “वा वा, काय काम आहे!” म्हणत त्यांनी मधोमध अंगठा फिरवला. मी पुसून देणार तोवर त्यांनी डाय गाडीत टाकलीसुद्धा. पुढच्या आठवड्यात फोन आला, झाकणावर डाग येतोय. जाऊन बघते तर काय, झाकणाच्या बरोबर मध्यावर साहेबांचा अंगठा, रेघन् रेघ उमटलेला. सगळा पहिला लॉट त्यांच्या अंगठ्याने बाजारात गेला. आमचा फिटर म्हणाला, आता तरी कुणी म्हणणार नाही की साहेब सही करत नाहीत.

अशा गोष्टी खूप आहेत. पण मला सांगायची आहे ती टिटवीची. ती माझ्या निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या वर्षातली, आणि तीत चूक माझी आहे.

यशवंत हा सायखेड्याचा मुलगा. वय सव्वीस-सत्तावीस. घरची द्राक्षबाग, पण याचं लक्ष चित्रांत. त्याने एक चित्रकथा काढली होती. फोनवर टाकायचा आणि छोट्या पुस्तिका छापून शाळाशाळांत विकायचा. गोष्ट अशी, की गोदाकाठच्या गावांवर लोखंडी टोळ येतात. माणसाएवढे टोळ, द्राक्षाचे मांडवच्या मांडव फस्त करणारे. त्यांच्याशी लढते वैजू नावाची मुलगी. तिच्याकडे किरणांची बंदूक असते आणि तिच्याबरोबर टिटवी असते. टिटवी म्हणजे पक्षी नव्हे, हवेत एका जागी तरंगणारं लढाऊ ड्रोन. टोळ कुठे मांडवाआड, कुठे भिंतीआड लपलेले. समोरून नेम लागत नाही. म्हणून वैजू टोळावर नेम धरतच नाही. ती आपल्या टिटवीवर बंदूक रोखते, टिटवी तो किरण पोटाच्या आरशावर घेते आणि वळवून बरोबर टोळावर टाकते.

मुलांना ही टिटवी इतकी आवडली, की यशवंतने तिचं खेळणं काढायचं ठरवलं. उडणाऱ्या भागाचं आणि पिस्तुलाचं काम त्याच्या मित्राने केलं होतं. पिस्तुलात लाल दिवा, भिंग लावून त्याचा उजेड बारीक केलेला, डोळ्यांना अपाय न करणारा. टिटवीला चार पंखे. एक वाटीएवढं निशाण, त्यावर तो उजेड पडला की घंटी वाजायची. राहिला पोटातला आरसा. तो साच्यातून प्लॅस्टिकचा काढून त्यावर चंदेरी मुलामा द्यायचा होता, गाडीच्या हेडलाइटमध्ये असतो तसा. त्याची डाय करायला तो आमच्याकडे आला.

शेठ नाव ऐकूनच दचकले. “टिटवी? अपशकुनी पाखराचं नाव ठेवतं का कुणी खेळण्याला?”

“शेठ, आमच्या नदीकाठच्या मळईत या एकदा,” यशवंत म्हणाला. “टिटवीच्या अंड्याजवळ कुत्रं जाऊ द्या, बघा कशी त्याच्या डोक्यावर येऊन वरडती. एवढंसं पाखरू, पण माघार नाय. तिच्यावानी बहादूर कोण हाय?”

शेठ माझ्याकडे बघत म्हणाले, “हाय एक. पॉलिशला बसलीय.”

यशवंतने मला एक पुस्तिका दिली. डबा खाताना मी ती वाचली, आणि खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवशी पुढचा भाग मागून घेतला. मी त्याला विचारलं, “का रे, पोरगी आपल्याच पाखरावर बंदूक धरते, तिला भीती नाही वाटत?”

“पहिल्या भागात वाटती ना, मावशी. हात कापतो तिचा. म्हणून तर पहिलं गाव जातं.”

डायचा तो आरशाचा भाग जेमतेम बिस्किटाएवढा होता. मी मनात म्हटलं, एवढ्याशा तुकड्याचं काय घेऊन बसलाय. गाड्यांचे दिवे केलेत मी. दगड झाले, पेपर झाला, पेस्ट झाली. चमक आली. एरवी मी तिथे थांबले असते. पण शेवटचं वर्ष होतं, हे लोकांना दाखवायचं काम होतं, आणि त्या पोराने मला ‘मावशी, तुमच्यासारखं कुणाला जमत नाय’ असं म्हणून ठेवलं होतं. मी आणखी अर्धा दिवस नमदा फिरवत राहिले. इतकी चमक आणली की माझ्या पापणीचे केस मोजता यावेत. शेठने डाय बघितली आणि टूलरूममधल्या सगळ्यांना बोलावून दाखवली. मी आपली पदराला हात पुसत उभी. काय सांगू, त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये उभी होते तरी पाय दुखले नाहीत.

मग ट्रायल झाली. प्लॅस्टिकचे आरसे निघाले, मुलामा देऊन आले, टिटवीच्या पोटात बसले. असे चकाकत होते की बघत राहावं. यशवंतने टूलरूममध्येच टिटवी उडवली, पिस्तूल रोखलं आणि उजेड सोडला.

उजेड टिटवीपर्यंत वाटाण्याएवढा गेला. तिथून वळला तो सांडलेल्या ताकासारखा भिंतभर पसरला. निशाण त्याच्या बरोबर मध्ये होतं, पण एवढ्या फिक्या उजेडाने घंटी वाजली नाही. यशवंत दोन पावलं पुढे गेला, दोन मागे गेला, रिमोटने आरसा थोडा कलवून पाहिला. दुसरा आरसा बसवला, तिसरा बसवला. घंटी काही वाजेना.

मग नेहमीचं सुरू झालं. शेठ म्हणाले, मुलामा देणाऱ्याने थर जाड दिला. डायमध्ये प्लॅस्टिक ओतणारा मोल्डिंगवाला म्हणाला, मालच हलका आहे, थंड होताना ओढला गेला. यशवंतच्या मित्राचा फोनवर निरोप आला, की पिस्तूल बरोबर आहे, ते तपासूनच दिलंय. कुणीही डायकडे बोट दाखवलं नाही. डाय कमलबाईंनी केली होती ना!

दिवाळीत शाळांच्या आणि दुकानांच्या स्टॉलवर टिटवी ठेवायची म्हणून एका खेळणीवाल्याने यशवंतला होकार दिला होता. त्याला शनिवारी चालता नग दाखवायचा होता. तो दिवस बुधवारचा. शेठने मार्ग सुचवला. “आरसा राहू दे शोभेला. टिटवीच्या पोटात एक बारका दिवा बसव. पिस्तुलाचा उजेड आला की आपोआप तो लागेल आणि घंटी वाजेल. पोरांना काय कळतंय?”

“पोरांनाच कळतं, शेठ,” यशवंत म्हणाला. तो हातातली टिटवी फिरवून फिरवून बघत होता. “टिटवीकडं सोताचं काहीच नसतं हो. वैजूनं दिलं तेवढंच ती वळवती. तिच्या पोटात दिवा टाकला तर मग वैजू कशाला पाहिजे?” थोड्या वेळाने तो म्हणाला, “पण दुसरं काही जमत नसंल तर टाकू दिवा. शनिवार तर गाठावाच लागंल.”

मला त्याचा तो ‘टाकू दिवा’ म्हणतानाचा चेहरा बघवेना. जेवणाची सुट्टी झाली, सगळे डबे घेऊन बाहेर गेले. मी डाय उघडून टेबलावर घेतली. एक साधी परीक्षा असते, इस्माईलचाचांनी पहिल्याच महिन्यात शिकवलेली. डोक्यावरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब डायमध्ये बघायचं. ट्यूब सरळ दिसली तर तुकडा सपाट. गाड्यांचे दिवे, झाकणं, डब्या, यांना सपाटीचं एवढं कोण विचारतो, त्यांना चमक पाहिजे. त्यामुळे ही परीक्षा माझ्याकडून कधी सुटली ते मला कळलंही नव्हतं. मी डाय ट्यूबखाली धरली. अगदी मधोमध, मोहरीएवढ्या जागेत, ट्यूब सरळ होती. तिथून दोन्ही कडांपर्यंत ती वाकत गेली होती, धनुष्यासारखी.

मला सगळं कळलं. नमदा मऊ असतो. तो कडेवरून खाली घसरतो आणि जाताना कडेचं थोडं पोलाद घेऊन जातो. त्याला आम्ही ‘कड पडली’ म्हणतो. डायची कड पडली की प्लॅस्टिकची कड तेवढीच वर येते, आणि आरसा आरसा राहत नाही, बशी होतो. चमक वेगळी आणि सपाटी वेगळी, हे नव्या पोरांना मीच शिकवत आले होते. कड पडू नये म्हणून तुकड्याच्या चारी बाजूंना त्याच उंचीच्या पोलादी पट्ट्या बसवायच्या असतात, म्हणजे नमदा घसरला तर पट्टीवर घसरतो. पट्ट्या बसवायला अर्धा तास लागतो. बिस्किटाएवढ्या तुकड्याला कशाला पट्ट्या, म्हणून मी तो अर्धा तास वाचवला, आणि नंतर अर्धा दिवस नमदा फिरवून कडा खाल्ल्या. अडाण्याकडून अशी चूक होत नाही. त्याला एवढी चमक आणताच येत नाही.

मी डाय झाकून ठेवली आणि डबा उघडला. दोन पोळ्या खाल्ल्या, कशाबरोबर ते आठवत नाही. खरं सांगते, गप्प बसायचं माझ्या मनात आलं होतं. कुणालाच कळलं नव्हतं. मुलामेवाल्यावर खापर फुटलंच होतं आणि तो बिचारा इथे नव्हता. टिटवीच्या पोटात दिवा बसला असता, मुलं खेळली असती, चार महिन्यांनी मी शाल-नारळ घेऊन घरी गेले असते, आणि शेठ पुढची दहा वर्षं सांगत राहिले असते, की पॉलिश म्हणजे कमलबाईंचं. मी हात धुतले, पुन्हा धुतले. मग केबिनमध्ये गेले. यशवंतही तिथेच बसला होता.

“शेठ, मुलामा बरोबर आहे. मालही बरोबर आहे. माझ्याकडून कडा पडल्यात.”

शेठ हसले. त्यांना वाटलं, मी कुणाला तरी पाठीशी घालतेय. मी डाय आणून ट्यूबखाली धरली. त्यांनी बघितलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

“हाई काय शे?” ते एकदम अहिराणीवर आले. ते सटाण्याकडचे, राग आला की त्यांना मराठी पुरत नाही. पुढे काय काय बोलले ते मला अर्धंच कळलं, पण जे कळलं ते पुरेसं होतं. शांत झाल्यावर ते यशवंतला म्हणाले, “आता ही डाय पुण्याला पाठवतो. तिथे एकजण मशीनवर पॉलिश करतो. शनिवार काही गाठता येणार नाही, पण काम चोख होईल.”

बाहेर जावं म्हणून मी वळले.

“पुण्याला नको,” यशवंत म्हणाला. “मावशीच करतील.”

“अरे, त्यांनीच बिघडवलंय ना?”

“म्हणून तर. चूक कुठं झाली ते फक्त त्यांनाच माहीत हाय. पुण्याचा माणूस ती पहिल्यापासून शोधत बसंल.”

शेठने माझ्याकडे बघितलं. म्हणाले, “कमलबाई, ग्राइंडिंगला लावून वरचा थर काढावा लागेल. एकदाच काढता येईल. दुसऱ्यांदा काढला तर आरसा जाड होईल आणि टिटवीत बसणार नाही. मग डाय भंगारात. माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

संध्याकाळपर्यंत थर निघाला. गुरुवारी सकाळी मी चारी बाजूंना पट्ट्या बसवल्या. फिटर म्हणाला, “ताई, एवढ्याशा तुकड्याला एवढा बंदोबस्त?” मी त्याला असं बघितलं की तो चहा आणायला निघून गेला. दगडाला मागून सपाट लाकूड बांधलं, म्हणजे बोटाचा दाब एका जागी पडू नये. दहा हात घासायचं आणि ट्यूबखाली बघायचं. पुन्हा दहा हात. त्या दोन दिवसांत मी कुणाशीही बोलले नाही. शेठने मुद्दाम येऊन विचारलं, बरं आहे ना म्हणून.

शुक्रवारी दुपारी तुकड्यात ट्यूब दिसायला लागली, या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ, ओळंब्यासारखी. मी पेस्ट लावली, नमद्याचे मोजके हात दिले आणि पुसलं. ट्यूब सरळ होती. पण चमक मनासारखी नव्हती. अंगावर हलकं धुकं असावं तसं दिसत होतं. पापण्या दिसत नव्हत्या, नुसता चेहरा दिसत होता. अजून एक तास नमदा फिरवला असता तर ते धुकं गेलं असतं. माझा हात नमद्याकडे गेला, मी तो मागे घेतला. पुन्हा गेला. इतक्या वर्षांच्या हाताला अर्धवट दिसणारं काम सोडायची सवय नव्हती. शेवटी मी नमदा उचलून डब्यात टाकला, डब्याला झाकण लावलं आणि डबा फिटरकडे दिला. त्याला म्हटलं, “मी मागितला तरी देऊ नकोस.” आणि मी खरंच मागितला. त्याने दिला नाही, देव त्याचं भलं करो.

शेठने डाय हातात घेतली, ट्यूबखाली धरली आणि मला परत दिली. जॉब कार्डावर मी सही केली. सही करताना इतकी धाकधूक पहिल्या डायलाही झाली नव्हती.

शनिवारी सकाळी मुलामा देऊन आरसे आले. खेळणीवाला दुपारी येणार होता. यशवंतने आरसा टिटवीच्या पोटात बसवला. निशाण नेऊन ठेवलं ते थेट शेठच्या केबिनमध्ये, त्यांच्या टेबलावर. बाहेरच्या हॉलमधून ते दिसतच नव्हतं, मध्ये भिंत. टिटवी भुर्रर करत वर गेली आणि केबिनच्या दारासमोर, माणसाच्या डोक्याच्या वर जाऊन तरंगत राहिली. यशवंतने रिमोटने आरसा कलता केला आणि पिस्तूल माझ्या हातात दिलं.

“मी नाही बाई,” मी म्हटलं. “तू मार.”

“तुम्हीच मारा, मावशी. तिच्यावर मारायचं. दुसरीकडं कुठंच बघायचं नाय.”

मी पिस्तूल उचललं. वर बघितलं तर ते एवढंसं पाखरू, हवेत जरा जरा हलणारं, आणि त्याच्या पोटात माझा तुकडा. सगळे कामगार भिंतीला टेकून उभे. आतून शेठचा आवाज आला, “अजून काही नाही!” मी म्हटलं, “अहो, मी अजून मारलंच नाही.” माझा हात कापत होता. मी डावा हात उजव्याखाली धरला आणि चाप दाबला.

उजेड टिटवीला लागला आणि वळून दाराआड गेला. पुढे काय झालं ते मला दिसलं नाही. एक क्षण काहीच ऐकू आलं नाही. मग आत घंटी वाजली, आणि पाठोपाठ शेठ ओरडले, “वाजनी! अरे वाजनी!”

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. फिटरने टाळ्या वाजवल्या. यशवंत आत जाऊन बघून आला. म्हणाला, “बोराएवढा डाग पडलाय, मावशी. बरोबर मध्यावर.” शेठ बाहेर आले, त्यांनी टिटवी खाली उतरवून घेतली, उलटी करून तिचं पोट बघितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “पण चमक पहिल्यापेक्षा कमी आहे.”

“आहे,” मी म्हटलं. “कमीच ठेवलीय.”

शेठने मान हलवली आणि टिटवी पुन्हा हवेत सोडली. खेळणीवाल्याला यायला अजून दोन तास होते. यशवंतने पिस्तुलासाठी हात पुढे केला. “द्या मावशी, मी बी एकदा मारतो.”

“थांब रे,” मी म्हटलं, आणि पुन्हा नेम धरला.